वाशीतलं पहिलं रंगीत मशीन

त्या सव्वा वर्षात मला स्वतःसाठी काहीच नको होतं. फक्त एका माणसाचं वाईट व्हायला हवं होतं, आणि ते माझ्या हातून व्हायला हवं होतं.

तो माझा साहेब. वाशीत त्याचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, लेबलं, हँडबिलं असला मजकूर कॉम्प्युटरवर जुळवून छापखान्याला तयार करून द्यायचं काम. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे लागले तेव्हा वाशीत असली दुकानं चार-पाचच असतील. तोंडावर मी त्याला सर म्हणत होते. इथे लिहिताना तो म्हणते आहे, एवढी सूट मी घेतली आहे.

आम्ही राहायचो कोपरखैरण्याला, माथाडींच्या वसाहतीत. माझे वडील, आबा, मसाल्याच्या बाजारात पोती उचलायचे. साताऱ्याकडून आलेल्या त्यांच्या बरोबरीच्या सगळ्यांच्या मुली बारावीनंतर घरी बसल्या. मी मराठी टायपिंग शिकले, परीक्षा दिली आणि त्या दुकानात चिकटले. दुकानात दोन कॉम्प्युटर. एकावर मी, दुसऱ्यावर करावे गावातली एक मुलगी. तिचे वडील खाडीत मासेमारी करायचे. ती डब्यात जवळ्याची चटणी आणायची आणि मी पिठलं, आणि आम्ही डबे बदलून खायचो. पाच वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसलो.

साहेब दादरहून वाशीत राहायला आलेला. इस्त्रीचा शर्ट, हळू बोलणं, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. स्वतः तो कधी की-बोर्डला हात लावत नसे. मराठी कसं टाइप होतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याला फक्त झालेलं काम गिऱ्हाइकाला दाखवता यायचं. ते मात्र तो झकास दाखवायचा.

मला अक्षरं काढायचा नाद होता. एका मिरची पावडरच्या पाकिटासाठी मी 'मिरची' हा शब्द आधी हातानं काढला, चीच्या वेलांटीला मिरचीच्या देठासारखा बाक दिला, मग स्कॅन करून कॉम्प्युटरवर घेतला. व्यापाऱ्याला तो फार आवडला. साहेब म्हणाला, "थँक यू. बरेच प्रयोग केले त्यावर." मी तिथेच बसले होते. तेव्हा मला फारसं लागलं नाही. नोकरीत असंच असतं, असं मी धरून चालले होते.

मग ती पत्रिका आली.

एका डॉक्टरांच्या मुलीचं लग्न होतं. हॉल वाशीत, सेक्टर सतरामध्ये. डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे मी सतराच टाइप केलं. साहेबानं प्रूफ तपासलं, लाल पेनानं सतरा खोडलं आणि वर 'सात' लिहिलं.

"सर, कागदावर सतरा आहे," मी म्हटलं.

"अगं, मी इथे राहतो. हॉल सातमध्येच आहे. कर दुरुस्त."

हॉल दोन्हीकडे होते. घाईचं काम होतं, डॉक्टरांना शेवटचं प्रूफ दाखवलंच गेलं नाही. छापून आल्यावरही कोणाच्या लक्षात आलं नाही. पत्रिकेत माणसं आपली नावं नीट आलीत का तेवढंच बघतात. लग्नाच्या दिवशी निम्मे पाहुणे सेक्टर सातच्या हॉलवर गेले. तिथे भलत्याच कोणाचं बारसं चाललं होतं. नवरदेवाचे सख्खे मामा मुहूर्त टळून गेल्यावर पोचले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर दुकानात आले ते लालबुंद होऊन. साहेबानं टेबलाचा खण उघडला. मी दोन हातांच्या अंतरावर बसले होते, मला ते प्रूफ दिसलं, लाल सातसकट. त्यानं खण बंद केला आणि म्हणाला, "प्रूफ सापडत नाही. पण चूक टायपिंगचीच आहे, त्यात शंकाच नाही."

मी करावेच्या माझ्या मैत्रिणीकडे पाहिलं. तिनंही खण बघितला होता. तिनं मान खाली घातली आणि रिकाम्या पडद्यासमोर टाइप करत राहिली.

मी बोलले. सतरा कोणी खोडलं ते डॉक्टरांना सांगितलं. साहेब हसला, आणि डॉक्टरांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. साहेब मला म्हणाला, "उद्या वडिलांना घेऊन ये. नाहीतर अनुभवाचा दाखला मिळणार नाही, आणि वाशीत दुसरीकडे कामही नाही." मी घरी काहीच सांगितलं नाही. पण बाजार तिथून जवळ, आणि आबांना सगळे ओळखायचे. त्यानं बाजारातल्याच एका व्यापाऱ्याकडून निरोप पाठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा दुकानाच्या दारात उभे. अंगात कामाचा सदरा, खांद्यांना हळदीची भुकटी. पोती ओढायचा लोखंडी आकडा त्यांनी बाहेर पायरीवर ठेवला होता. दुकानात नेऊ नये असं त्यांना वाटलं असणार. डॉक्टरांनाही बोलावलं होतं. तीन खुर्च्या रिकाम्या होत्या, पण कोणी आबांना बसा म्हटलं नाही.

आबांनी हात जोडले. आधी डॉक्टरांना, मग साहेबाला. "चुकलं पोरीचं. पदरात घ्या."

"आबा, मी नाही चुकले," मी म्हटलं.

"तू गप बस."

साहेब डॉक्टरांकडे वळला आणि त्याच हळू आवाजात म्हणाला, "मी शिकवायचा खूप प्रयत्न केला हो. पण हमालाच्या घरात अक्षराची जाण कुठून येणार? ती रक्तात असावी लागते."

आबा तिथेच उभे होते. त्यांनी ते ऐकलं. बाहेर येऊन त्यांनी आकडा उचलला, कोपऱ्यावरच्या गाडीवरून भजी घेतली आणि पुडा माझ्या हातात दिला. "खा," म्हणाले, आणि बाजाराकडे चालू लागले.

नोकरी गेली, आणि दाखलाही मिळाला नाहीच. इतर दुकानांत मी विचारायला गेले तर माझ्याआधी त्याचा फोन पोचलेला असायचा. शेवटी कोपरखैरण्याच्या एका टायपिंग क्लासमध्ये मुलांना शिकवायला लागले, जुन्या खडखडणाऱ्या मशीनवर. आणि रोज त्याला शाप देत होते. कधी मुद्दाम वाट वाकडी करून त्याच्या दुकानासमोरून जायचे. एकदा दुकानासमोर गटार तुंबलेलं दिसलं, तर माझा तो सगळा दिवस आनंदात गेला.

त्याचं एक स्वप्न मला ठाऊक होतं. रंगीत पाकिटांचं काम तेव्हा वाशीत होत नसे. फोटो, रंग, छपाईसाठी लागणाऱ्या चार रंगांच्या फिल्म, सगळं मुंबईत प्रभादेवीला किंवा फोर्टात जायचं. त्यासाठी एक परदेशी कॉम्प्युटर लागायचा, खास छपाईवाल्यांसाठी बनवलेला. साहेब गिऱ्हाइकांना नेहमी सांगायचा, "ते मशीन एकदा आपल्याकडे आलं ना, की अख्खा मसाला बाजार माझ्या दारात येईल. वाशीतलं पहिलं मशीन माझंच असणार." पण किंमत इतकी की त्यात खांदेश्वरच्या बाजूला एका खोलीचं घर आलं असतं. पाच वर्षं तो नुसता बोलत होता.

मी ठरवलं की ते मशीन मी घेणार. आणि त्याच्या दुकानाच्या अगदी समोर लावणार.

घरी सांगितलं तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. आबा निवृत्त व्हायला आले होते. त्यांच्या पतपेढीतून कर्ज निघालं असतं, वर त्यांचा फंड होता. मी सगळं बोलून घेतलं. हे मशीन काय काय करतं, त्यावर किती काम मिळेल, वर्षाभरात कर्ज कसं फिटेल.

आईनं भाकरी तव्यावर टाकली. "तुला मशीन घ्यायचं हाय का त्याचं नाक कापायचं हाय?"

"दोन्ही."

"मग नीट बोल. निम्मं खरं कशाला सांगतीस?"

आबा "आधी बघून ये," एवढंच म्हणाले. "न बघता बैलसुद्धा घेत न्हाईत."

वाशी स्टेशनच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर त्या मशीनच्या विक्रेत्याचं ऑफिस होतं. मी ठेवणीतला पंजाबी ड्रेस घातला आणि पर्समध्ये एक फ्लॉपी टाकली. नोकरी गेली तेव्हा माझ्या कामाच्या काही फाइल्स मी बरोबर आणल्या होत्या. त्यात ते मिरचीचं लेबलही होतं.

सेल्समन टाय लावलेला, माझ्याच वयाचा. "या मॅडम, बसा. कोणत्या कंपनीकडून?"

"स्वतःसाठी घ्यायचंय."

त्यानं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, पण खुर्ची दिली. मग मशीन सुरू केलं. एवढा मोठा पडदा मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यानं लाल मिरच्यांच्या ढिगाचा एक फोटो उघडला आणि मला खरोखरच ठसका लागेल असं वाटलं. आमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर असा फोटो थोडा फिरवायचा म्हटलं तर कमांड देऊन आम्ही चहा पिऊन यायचो. इथे त्यानं माऊस हलवला आणि फोटो हातासरशी फिरला. मी त्याला बाजूला सारून स्वतः बसले. मिरचीचा लाल थोडा गडद केला, मागची सावली काढली, एका मिरचीवरचा डाग पुसला. दहा मिनिटं तरी मला साहेबाची आठवणसुद्धा आली नाही. सव्वा वर्षात तेवढीच दहा मिनिटं.

मग मी फ्लॉपी दिली. "यात मराठी लेबल आहे. उघडून दाखवा."

फाइल उघडली. 'मिरची' हे चित्र होतं, ते आलं. पण त्याच्या खालचा सगळा मजकूर, घटक, वजन, पत्ता, त्या जागी डोक्यावर टिंबं असलेली इंग्रजी अक्षरं, पौंडाच्या खुणा आणि चौकोन.

"फॉन्ट लोड केला की होईल, मॅडम."

"हे मराठीचं पॅकेज नुसत्या फॉन्टवर चालत नाही. त्याला डोंगल लागतो. कॉम्प्युटरच्या मागे, प्रिंटरच्या वायरच्या जागी लावतात तो छोटा डबा. तो असेल तरच मराठी चालू होतं. इथे तो कुठे लावायचा?"

तो मशीनच्या मागे वाकला. बराच वेळ वाकून होता. "तसं पोर्ट नाहीये यात," तो म्हणाला. "याचं वेगळं मराठी पॅकेज येतंय. पुढच्या वर्षीपर्यंत नक्की."

"आणि जुन्या फाइल्स?"

"त्या मग परत टाइप कराव्या लागतील बहुतेक."

मसाला बाजारातलं एकही पाकीट मराठी मजकुराशिवाय नव्हतं. हे मशीन घेऊन मी मिरची सुंदर लाल केली असती आणि खाली पत्ता लिहायला मला दुसऱ्या कोणाच्या तरी दुकानात जावं लागलं असतं. मी उठायलाच लागले होते, तेवढ्यात तो म्हणाला, "विचार लवकर करा मॅडम. तुमच्या वाशीतलेच एक सर दोनदा येऊन बघून गेलेत. डीटीपीवाले. त्यांचं मन अजून पक्कं होत नाहीये. पहिलं मशीन कोणाकडे लागतं बघू."

मी परत खाली बसले.

"त्यांनी मराठी टाइप करून पाहिलं?"

"नाही हो. ते फोटोच बघत होते. एकदम खूष."

"तुम्ही त्यांना सांगितलं, मराठी चालत नाही म्हणून?"

तो जरा ओशाळला. "त्यांनी विचारलं नाही."

"मग राहू दे," मी म्हटलं. "विचारतील तेव्हा सांगा."

जिना उतरताना मी सगळं बघत होते, अगदी चित्रासारखं. त्यानं ते मशीन घ्यायचं, खोका फोडायचा, गिऱ्हाईक बोलवायचं आणि मग कोणालातरी सांगायचं, जरा पत्ता टाक गं मराठीत. हा क्षण मला हवा होता. त्यासाठी त्याचं डळमळणारं मन पक्कं व्हायला हवं होतं. आणि ते कशानं पक्कं होईल ते मला माहीत होतं. हमालाची पोर तेच मशीन त्याच्या आधी घेतेय, हे त्याच्या कानावर जायला हवं होतं.

घरी मी आबांना खरं सांगितलं. मशीन घेत नाही म्हटलं, आणि का ते सांगितलं. आणि मग पुढचंही सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल.

आबा पायाच्या भेगा कुरवाळत म्हणाले, "मी हात जोडले त्याचं तुला लागलं. मला नव्हतं लागलं. तीस वर्षं मुकादमाला जोडले, व्यापाऱ्याला जोडले. त्यात हा एक."

"तो जे बोलला ते?"

"बोलला. त्याला काय ठाऊक आपल्या घरात काय हाय ते?" ते थांबले. "माझ्यासाठी करत असशील तर नको करू."

मी विचार केला आणि म्हटलं, "नाही. माझ्यासाठीच करतेय."

"मग तुझं तू बघ," आबा म्हणाले.

त्या आठवड्यात मी करावे गावात मैत्रिणीकडे गेले. पत्रिकेच्या त्या दिवसानंतर आम्ही दोनदा-तीनदाच भेटलो होतो, तेही रस्त्यात. ती अंगणात जाळं दुरुस्त करायला बापाला दोरा ओवून देत होती. मला बघून एकदम उठली. चहा टाकते म्हणाली, खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण केलंय, जेवूनच जा म्हणाली. तिच्या वागण्यात लाज होती, आणि मला ती दिसत होती, आणि मी तिचा वापर करणार होते.

"मी ते मशीन घेतेय," मी म्हटलं. "रंगीत. परदेशी. स्टेशनवरच्या ऑफिसात जाऊन बघून आले. पंधरा दिवसांत येईल. तुमच्या दुकानासमोरचा गाळा बघतेय."

तिचे डोळे मोठे झाले. "काय सांगतंस! आवरं म्हाग मशीन? सर तं कवापासून त्याचं नाव घेतान."

"कोणाला सांगू नकोस हं."

"मी कोनाला सांगनार नाय," ती म्हणाली. आणि मला पक्कं ठाऊक होतं की ती सांगणार. वाईटानं नाही. पाच वर्षं शेजारी बसले होते मी, तिच्या पोटात काय राहतं आणि काय नाही ते मला कळत होतं. शिवाय माझं चांगलं होतंय याचा तिला इतका आनंद झाला होता की तो तिला कोणाजवळ तरी बोलावाच लागला असता. जेवून निघताना तिनं मला सुक्या बोंबलांची पुडी बांधून दिली.

त्या भेटीनंतर नवव्या दिवशी साहेबानं मशीन घेतलं.

रक्कम भागवायला त्यानं दुकानातले दोन्ही जुने कॉम्प्युटर विक्रेत्याला बदल्यात दिले. मला हे नंतर कळलं. मी एवढी अपेक्षाही केली नव्हती. डोंगल लावायला आता दुकानात एकही जागा उरली नाही. मशीनची पूजा झाली, पेढे वाटले गेले, दारावर पाटी लागली, 'नवी मुंबईत प्रथमच'. मी समोरच्या फुटपाथवर उभी राहून ती पाटी वाचली. पाटीचा मजकूर दुसऱ्या दुकानातून टाइप करून आणलेला होता. ते अक्षर मी ओळखलं.

मग मी माझं मशीन घेतलं. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग जोडून घेतलेला पेंटियम, सतरा इंची मॉनिटर आणि मराठीचं पॅकेज, डोंगलसकट. साहेबाच्या मशीनच्या चौथ्या हिश्श्यात सगळं झालं. टॅक्सीत मॉनिटर मांडीवर घेऊन बसले आणि वाशीचा पूल येईपर्यंत हलले नाही. गाळा मात्र त्याच्या दुकानासमोर घेतला नाही. बाजारातच, मसाल्याच्या गल्लीच्या वरच्या माळ्यावर घेतला. तिथे खालून धण्याचा वास यायचा आणि दुपारी डोळे चुरचुरायचे, पण गिऱ्हाईक पायाखाली होतं.

आबांनी माझ्यासाठी एकच गोष्ट केली. ज्यांची पोती त्यांनी वर्षानुवर्षं वाहिली होती त्या व्यापाऱ्यांपैकी एकाला ते म्हणाले, "शेठ, पोरीनं वर दुकान टाकलंय. तुमचं मिरचीचं पाकीट तिनंच काढलेलं." शेठ वर आले. माझ्याकडची फाइल बघितली, तो बाक दिलेला शब्द बघितला आणि म्हणाले, "अरे, हे तू केलंस? तो तर म्हणायचा त्यानं केलं." महिन्याभरात त्या गल्लीतली निम्मी लेबलं माझ्याकडे होती. रंगाचं काम आलं की मी फोटो प्रभादेवीला पाठवायचे, पहिल्यासारखंच. मराठी मी करायचे.

साहेबाकडे काय चाललंय ते मला व्यापाऱ्यांकडून कळायचं. लेबल पाहिजे तर चार दिवस लागतात, मजकुरासाठी पोरीला दुसरीकडे पाठवतो, जोडाक्षरं तुटून येतात, मग हातानं कापून चिकटवतात. एकानं तर नक्कल करून दाखवली, साहेब मशीनसमोर कसा उभा राहतो आणि कसा म्हणतो, "कलर बघा ना, कलर." मी पोट धरून हसले. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला लिहू, खूप बरं वाटत होतं.

तिसऱ्या महिन्यात तो स्वतः माळ्यावर आला. धाप लागली होती. इकडेतिकडे बघून मग मला म्हणाला, "छान केलंयस दुकान." मी हातातलं काम थांबवलं नाही. तो म्हणाला, "त्या मशीनवर मराठी आणायचं काही तरी असणार. तुला यातलं कळतं. काही मार्ग असेल तर सांग."

मार्ग होता. नवीन पॅकेज आल्याचं सेल्समनने मला पंधरा दिवसांपूर्वीच फोन करून सांगितलं होतं. त्यानं साहेबालाही सांगितलं असतं, पण साहेबानं रागानं त्याचे फोन घेणं बंद केलं होतं.

"मला काही कल्पना नाही, सर," मी म्हटलं.

तो थोडा वेळ उभा राहिला. मी त्याला बसा म्हटलं नाही. मग तो जिना उतरून गेला. मी खिडकीतून बघितलं नाही. मान वर न करता लेबल पूर्ण केलं, आणि त्यात एकही चूक झाली नाही.

हे सगळं इथे संपलं असतं तर मी ही हकिगत चारचौघांत मिरवून सांगितली असती.

पण त्या मशीनसमोर रोज साहेब बसत नव्हता. मैत्रीण बसत होती. मराठी येत नाही म्हणून गिऱ्हाईक ओरडलं की तो तिच्यावर ओरडायचा. "एवढं मोठं मशीन आणून दिलं, तुला साधा पत्ता टाकता येत नाही?" तो गिऱ्हाइकांना तिच्यादेखत सांगायचा की ऑपरेटर अडाणी आहे, मशीनमध्ये दोष नाही. चौथ्या महिन्यात त्यानं तिला काढलं. दाखला दिला नाही.

ही बातमीसुद्धा मला एका व्यापाऱ्यानं हसत हसत दिली. मी त्याच दुपारी गाळा बंद केला आणि करावेला गेले.

ती तिथेच अंगणात होती. मी म्हटलं, "माझ्याकडे ये. मला हात हवाच आहे. पगार तिथल्यापेक्षा जास्त देईन."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "एक सांग. तुना ठाव व्हता? त्या मशीनवर मराठी नाय चालत ते?"

मी खोटं बोलू शकले असते. "हो," मी म्हटलं.

"मना सांगायला आलीस त्या दिवशी पन?"

"हो."

"आनि मी तिथं बसनार, ते?"

मी त्याचा विचारच केला नव्हता, आणि हे 'हो' म्हणण्यापेक्षाही वाईट होतं. मी म्हटलं, "तू त्या दिवशी खणातलं प्रूफ पाहिलं होतंस. बोलली नाहीस."

ती म्हणाली, "नाय बोलले. मी घाबरले. तू घाबरून नाय केलास."

घरातून तिची आई बाहेर आली आणि मला जेवायला थांबायचा आग्रह करायला लागली. मैत्रीण म्हणाली, "तिला घाई हाय, आये."

ती माझ्याकडे कामाला आली नाही. मी दोनदा निरोप पाठवला, एकदा स्वतः दाखल्यासारखं पत्र टाइप करून नेलं, पाच वर्षं माझ्याबरोबर काम केलं असं लिहून, माझ्या दुकानाच्या कागदावर. ते तिनं घेतलं. त्या पत्रावर तिला नेरूळच्या एका शाळेच्या ऑफिसात टायपिंगचं काम मिळालं, असं तिच्या भावाकडून कळलं. साहेबानं वर्षाच्या आत दुकान विकलं आणि पुण्याला मुलाकडे गेला. मशीनचं त्यानं काय केलं कोण जाणे.

त्याच्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन, असं मी आईला एकदा म्हटलं होतं. आईनं विचारलं, "आन त्या पोरीचं?" मी विषय बदलला.

मध्ये एकदा सीवूड्सच्या बाजारात ती समोर आली. बरोबर तिची दोन मुलं होती. आम्ही कोलंबीच्या भावाबद्दल बोललो, तिच्या शाळेतल्या नव्या कॉम्प्युटरबद्दल बोललो. तिनं मुलांना सांगितलं, "ही मावशी माझ्याबरोबर कामाला व्हती." मुलांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मग तिनं घासाघीस करून घेतलेल्या कोलंबीतली निम्मी न विचारता माझ्या पिशवीत घातली, आणि मी नको नको म्हणत असताना मुलांचा हात धरून रस्ता ओलांडून गेली.